नदीकाठच्या आणि डेल्टातल्या सोप्या पायवाटा: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

चढ नाही, दरी नाही, दोर-बीर काही लागत नाही, त्यामुळे नदीकाठची वाट म्हटली की लोक पायात जे असेल ते घालून निघतात. वाट सोपी असते हे खरंच आहे, पण डोंगरात जे काम उंची करते ते इथे पाणी करतं आणि पाण्याचं टाइमटेबल ठरलेलं असतं, ते आपल्यासाठी थांबत नाही. पहिल्यांदा जाणारे जे प्रश्न परत परत विचारतात ते खाली घेतलेत.

नदीकाठची वाट आणि डेल्टातली, म्हणजे नदीने गाळ टाकून केलेल्या त्रिभुज प्रदेशातली वाट, दोन्ही सपाटच ना? मग फरक काय?

वरच्या भागात नदीचं पात्र एकच असतं. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला झाडं किंवा शेतं, चुकायचं म्हटलं तरी चुकता येत नाही, आणि सावलीही बऱ्यापैकी मिळते. समुद्र जवळ आला की नदीचा वेग पडतो, वाहून आणलेला गाळ ती खाली टाकायला लागते, जाड वाळू आधी बसते आणि अगदी बारीक चिकण गाळ सगळ्यात शेवटी, आणि स्वतःच टाकलेल्या गाळाने वाट अडली की ती फुटून दुसरीकडून जाते. त्यातून फाटे तयार होतात. युरोपातल्या डॅन्यूब नदीचे तीन मोठे फाटे आहेत, किलिया, सुलिना आणि सेंट जॉर्ज, आणि त्यांच्या मधे नळ गवताची बेटं, तळी आणि खाड्यांचं जाळं. अशा ठिकाणी समोर पन्नास पावलांवर दिसणारी जागा गाठायला कधी कधी तासाभराचा वळसा पडतो, कारण मधे एक खाडी असते. सावली जवळजवळ नाहीच, वारा मात्र भरपूर, आणि आजूबाजूला एवढं पाणी असून प्यायचं नाही, कारण ते मचूळ किंवा खारं असतं.

पण एवढ्या पाण्यात वाट असते तरी कशावर?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण एकदा हे कळलं की नकाशा वेगळाच दिसायला लागतो. पूर आला की नदी काठावरून बाहेर पडते आणि बाहेर पडल्याबरोबर तिचा वेग कमी होतो, म्हणून सगळ्यात जड वाळू काठाला लागूनच बसते. असे अनेक पूर झाले की काठ आपोआप उंच होतो आणि त्यामागची जमीन सखल, दलदलीची राहते. म्हणजे डेल्टात नदीपासून लांब गेलात की कोरडं होईल असं वाटतं पण होतं उलटं, कोरडी जागा काठावरच असते. जुनी वस्ती, रस्ते आणि पायवाटा सगळं त्या उंच पट्टीवर असतं.

दुसरा प्रकार म्हणजे माणसाने घातलेले बांध. फ्रान्समधे ऱ्होन नदीच्या डेल्टात, कामार्गमधे, समुद्राचं पाणी अडवायला बांधलेला लांबलचक बांध आहे, त्यावर मोटारगाड्यांना बंदी आहे आणि लोक चालत नाहीतर सायकलने जातात. तिसरा प्रकार जुन्या टोइंगच्या वाटा, पूर्वी काठावरून घोडे दोराने बोटी ओढायचे, त्या घोड्यांसाठी सपाट वाट लागायची आणि तीच आज चालणाऱ्यांना मिळाली आहे. इंग्लंडमधला थेम्स पाथ बराचसा अशा वाटेवरून जातो, उगमापासून लंडनपर्यंत जवळपास 300 किमी, पण कुणीही सगळा चालायची गरज नाही, हवा तेवढा तुकडा घ्यायचा. आणि चौथा बोर्डवॉक, म्हणजे खांबांवर फळ्या टाकून केलेली वाट, दलदलीत आत नेणारी. गोदावरीच्या डेल्टात काकीनाड्याजवळ कोरिंगा अभयारण्यात खारफुटीतून असा बोर्डवॉक आहे.

पहिल्यांदा जाताना किती किलोमीटर ठरवू?

जाऊन-येऊन 5-6 किमी पुष्कळ झाले. सपाट पक्क्या वाटेवर माणूस तासाला 4-5 किमी सहज चालतो, पण मऊ वाळूत किंवा ओल्या मातीत तोच वेग निम्म्यावर येतो, आणि दुर्बिणीतून बघत बघत चाललात तर त्याच्याही खाली. तासांवर प्लान करा, किलोमीटरवर नको. आणि सुरुवातीला वाऱ्याच्या तोंडावर जा म्हणजे परतताना, दमल्यावर, वारा पाठीशी असेल. समुद्राजवळ दुपारी वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहायला लागतो, त्यामुळे सकाळी शांत वाटलेला बांध दुपारी बराच दमवतो.

भरती-ओहोटीचं खरंच एवढं बघावं लागतं का?

हो. डेल्टातल्या बाकी सगळ्या तयारीपेक्षा हे आधी, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो.

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसात दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात, दोन भरत्यांमधे साधारण 12 तास 25 मिनिटं. म्हणजे रोज भरती जवळपास 50 मिनिटं उशिरा येते, त्यामुळे मागच्या रविवारी 10 वाजता वाट कोरडी होती म्हणून या रविवारीही असेल असं धरून चालू नका. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं, अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा फरक कमी. नवख्यांनी भांगाचे दिवस निवडावेत.

पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. सहा तासांची भरती धरली तर पहिल्या तासात एकूण चढाच्या बाराव्या हिश्श्याएवढंच पाणी वाढतं, दुसऱ्या तासात दोन हिस्से, तिसऱ्या आणि चौथ्या तासात तीन-तीन, मग परत दोन आणि एक. म्हणजे पहिला तास काहीच होत नाहीये असं वाटतं, माणूस निवांत फोटो काढत बसतो, आणि मधल्या दोन तासांत निम्मं पाणी येऊन जातं. शिवाय सपाट चिखलात ते लाटेसारखं समोरून येतच नाही. आधी खाड्या भरतात, आणि खाडी बऱ्याचदा तुमच्या मागे असते, तुम्ही आणि वाट यांच्या मधे. लोक अडकतात ते असे.

अजून दोन गोष्टी. भरतीचं टाइमटेबल ज्या बंदराचं असतं तिथली वेळ त्यात असते, खाडीत आत गेलात की भरती उशिरा पोचते, किती उशिरा ते स्थानिक होडीवाल्यांना बरोबर माहीत असतं, त्यांना विचारा. आणि वादळी हवेत टाइमटेबलपेक्षा जास्त पाणी येऊ शकतं, हवेचा दाब 1 हेक्टोपास्कलने उतरला की समुद्र साधारण 1 सेंटीमीटर वर येतो, वर वारा पाणी ढकलतो ते वेगळंच.

सगळ्याच डेल्टांना हे लागू आहे?

नाही. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटीचा फरक फारच कमी असतो, त्यामुळे ऱ्होन किंवा स्पेनमधल्या एब्रोच्या डेल्टात वारा काय करतोय ते जास्त महत्त्वाचं. आणि बोत्सवानातला ओकावांगो तर समुद्राला मिळतच नाही, तिथे भरतीचा प्रश्नच येत नाही.

चिखलात पाय रुतला तर?

पहिली गोष्ट, जोर लावून पाय उपसायचा नाही. एक पाय ओढायला जाता तेव्हा सगळं वजन दुसऱ्यावर येतं आणि तो अजून खोल जातो, वर तळव्याखाली हवा जायला जागा नसल्याने चिखल पाय धरून ठेवतो. थांबा, पाठीवरची सॅक काढून बाजूला टाका, मागे बसल्यासारखे व्हा किंवा सरळ मागे रेला म्हणजे वजन पसरेल, आणि पाय घोट्यातून हळूहळू हलवत राहा, म्हणजे बाजूने पाणी आणि हवा आत शिरते आणि पकड सुटते. पाय मोकळा झाला की उभं राहायच्या भानगडीत पडू नका, हातापायांवर किंवा लोळत ज्या बाजूने आलात त्याच बाजूला परत या, कारण तिथली जमीन तुम्हाला पेलत होती एवढं नक्की माहीत आहे. बूट गेला तर जाऊ द्या. सोबतच्यांनी धावत जवळ यायचं नाही, काठी किंवा दोर टाकायचा, आणि दोन-चार मिनिटांत जमत नसेल तर लगेच इमर्जन्सी नंबरला फोन, पाणी वाढतंय का ते बघत बसायचं नाही.

अर्थात वाट सोडली नाहीत तर हे वाचण्यापुरतंच राहील.

नदीच्या काठावर अगदी कडेला उभं राहिलं तर चालतं का?

कुठल्या काठावर त्यावर आहे. वळणावर बाहेरच्या बाजूला पाणी जोरात असतं आणि ते काठ खालून पोखरतं, वरून गवत छान हिरवंगार दिसतं आणि खाली पोकळ असतं. कडेला समांतर बारीक भेग दिसली तर तेवढा तुकडा सुटायच्या तयारीत आहे असं समजा आणि भेगेच्या आत, जमिनीकडे व्हा. आतल्या बाजूला उलट नदी वाळू टाकत असते, तिथे उतरता काठ असतो, बसायला आणि मुलांना खेळायला तीच बाजू बरी. वळण बघायची सवय लागली की चालताना आपोआप लक्षात येतं.

आणि हो, बोर्डांवर डावा तीर, उजवा तीर लिहिलेलं असतं ते पाणी ज्या दिशेला वाहतं तिकडे तोंड करून. वरच्या दिशेला चालत असाल तर सगळं उलटं होतं, तेव्हा पुलापाशी जरा थांबून बघा.

पाऊस नसताना नदी वाढते ती कशी?

पाऊस वर कुठेतरी पडलेला असतो, किंवा धरणातून पाणी सोडलेलं असतं. धरणाच्या खालच्या पट्ट्यात भोंगा वाजला की पात्रातली बेटं, वाळूचे पट्टे ताबडतोब सोडायचे, सामान गोळा करत बसायचं नाही. पाणी अचानक गढूळ होणं, काटक्या-पाला वाहत येणं, आवाज बदलणं ही पण खूण आहे. ओकावांगो हे याचं मोठं उदाहरण, पाऊस पडतो अंगोलाच्या डोंगराळ भागात आणि पाणी पसरत पसरत डेल्टात पोचायला महिने लागतात, त्यामुळे तिथे पूर भरतो जून ते ऑगस्टमधे, ऐन कोरड्या दिवसांत.

कुठल्या सीझनला जावं?

पक्षी बघायचे असतील तर स्थलांतराचे आणि थंडीचे महिने, नुसतं चालायचं असेल तर पूर ओसरून वाट वाळली की. घरट्यांच्या दिवसांत काही पट्टे बंद ठेवतात, निघायच्या आधी चेक करा. उन्हाळ्यात गेलात तर सूर्य उगवता उगवता निघून ऊन चढायच्या आत परत, डेल्टात सावली शोधत बसायला जागा नाही.

पक्षी लांब दिसतात, चिखलात थोडं पुढे गेलो तर काय बिघडतं?

बिघडतं, आणि बरंच बिघडतं. ओहोटीला चिखल उघडा पडतो तेव्हा तुतारी, चिखले, गॉडविट हे सगळे पक्षी खायला उतरतात, चोच खुपसून आतले किडे, शिंपले काढतात. त्यांना तेवढेच तास मिळतात. भरती आली की चिखल झाकला जातो आणि ते एखाद्या उंच वाळूच्या पट्टीवर दाटीवाटीने उभे राहून विश्रांती घेतात. आपण पुढे गेलो, थवा उडाला, आपल्याला फोटो सुंदर मिळाला, पण त्यांनी साठवलेली चरबी तेवढी खर्च झाली, आणि मागून दुसरी कुणी मंडळी येते, तिसरी येते, दिवसभर हेच चालू. यातले काही पक्षी किती लांब जायचे असतात ते बघा, 2022 मधे टॅग लावलेलं एक गॉडविट पिल्लू अलास्काहून टास्मानियाला न थांबता 13,560 किमी उडालं, 11 दिवस, मधे खाणं नाही पाणी नाही. अशा प्रवासाची शिदोरी याच चिखलात गोळा होते. म्हणून पाय आवरा, खरंच.

जवळून बघायची युक्ती आहे आणि तिला चालावं लागत नाही. भरतीच्या आधी दीड-दोन तास बांधावर येऊन शांत बसा, पाणी चढत जातं तसे पक्षी स्वतःच तुमच्या बाजूला सरकत येतात. सूर्य पाठीशी ठेवा. दुर्बीण 8x42 (8 पट मोठं दाखवणारी) घ्या, 10 पटवाली वाऱ्यात फार हलते. पक्षी खायचे थांबून माना वर करून बघायला लागले तर तुम्ही जास्त जवळ आहात, दोन पावलं मागे. ड्रोन नको, थव्यांना तो शिकारी पक्ष्यासारखाच वाटतो.

पायात काय घालू?

पक्क्या वाटेवर साधे ग्रिप असलेले शूज, लवकर वाळणारे. जाड लेदरचे ट्रेकिंग बूट इथे नकोत, एकदा भिजले की दिवसभर ओले. गमबूट ओल्या गवतात उत्तम, पण खोल चिखलात ते तिथेच राहतात आणि पाय बाहेर येतो. ओल्या फळ्यांवर शेवाळ असतं, बोर्डवॉकवर बरेच जण तिथेच आपटतात, जाळी ठोकलेल्या भागावरून चाला. सॅकमधे जास्तीचे मोजे, पाणी नेहमीपेक्षा जास्त, टोपी जी वाऱ्याने उडणार नाही अशी, आणि पातळ विंडचीटर.

चिखलाला सडक्या अंड्यासारखा वास येतो, गटाराचं पाणी आहे का?

बहुतेक वेळा नाही. चिखलात खाली हवा पोचत नाही, तिथले जिवाणू पालापाचोळा कुजवताना हायड्रोजन सल्फाइड सोडतात, त्याचा हा वास. निरोगी खारफुटीतही येतो.

खारफुटीत वाट सोडून झाडांपर्यंत गेलं तर?

जमिनीतून पेन्सिलीएवढे हजारो कोंब वर आलेले दिसतात ना, ती तिवराची श्वासमुळं आहेत. चिखलात हवा नाही म्हणून झाड ती वर काढून श्वास घेतं, पायाखाली मोडली की झाडाला त्रास होतो, आणि अनवाणी असाल तर तुमच्याही पायाला. त्यापेक्षा बोर्डवॉकवर एका जागी पाच मिनिटं न हलता उभे राहा. तुमच्या पावलांनी बिळात गेलेले खेकडे एकेक करून वर येतात, नरांचा एक नांगा केवढातरी मोठा असतो, तो वर-खाली हलवून ते मादीला बोलावतात आणि शेजाऱ्याला दम देतात. निवट्या चिखलावर उड्या मारत फिरतात, मासा असून, कारण कातडी ओली असली की त्यातूनही त्यांना प्राणवायू घेता येतो. लहान मुलं तर इथून हलायलाच तयार होत नाहीत.

व्हीलचेअर, स्ट्रोलर, गुडघेदुखीवाले आजी-आजोबा, कुणाला काय जमेल?

अशा लोकांसाठी या वाटा म्हणजे खरंच मोठी गोष्ट आहे, कारण निसर्गात आत जायला मिळणाऱ्या सपाट जागा मुळात कमी. फक्त 'सोपी वाट' एवढ्या बोर्डावर विसंबू नका, फोन करून तीन गोष्टी विचारा: गेटवर अरुंद फिरकी दरवाजा आहे का, पृष्ठभाग फळ्या, मुरूम की वाळू, आणि मधे बसायला बाक किती अंतराने. बोर्डवॉक दीड मीटर रुंद असेल तर खुर्ची वळते. रॅम्पला 1:12 म्हणजे एक मीटर चढायला बारा मीटर लांबी ही बऱ्याच ठिकाणची कमाल मर्यादा आहे, पण स्वतः चाकं ढकलणाऱ्याला तेवढाही जड जातो, 1:20 असेल तर आरामात.

कुत्रा नेला तर चालेल?

परवानगी असेल तरच, आणि पट्टा कायम हातात. टिटव्या, चिखले जमिनीवरच अंडी घालतात आणि ती दगडांसारखीच दिसतात.

मगरी, साप वगैरे?

जिथे मगरी आहेत तिथे पाण्याच्या कडेपासून किमान 5 मीटर लांब राहा, काठावर वाकून हात धुणं, भांडी विसळणं बंद, आणि रोज त्याच वेळी त्याच जागी जाऊ नका. ओडिशातल्या भितरकनिकात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, तिथे ठरवून दिलेल्या पायवाटेवरूनच जायचं. सुंदरबनात मनासारखं पायी फिरता येत नाही, वाघ आहेत, दोबांकीला कुंपण घातलेली उंच वाट आहे तीवरून चालायचं. सापांचं म्हणाल तर बांधावरचं गवत वाढलेलं असेल तेव्हा मधोमध चाला, पाय जरा आपटत.

खरा त्रास मात्र डासांचा होतो, संध्याकाळी नळ गवताच्या आसपास जास्तच. लांब बाह्या, लांब पँट, रिपेलंट. आणि पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू नका, उंदरांच्या मुतातून लेप्टो होतो. नंतर आठवडा-दोन आठवड्यांत ताप आणि पोटऱ्या दुखायला लागल्या तर डॉक्टरांना सांगा की मी दलदलीत गेलो होतो, त्यांना पटकन दिशा मिळते.

गुगलच्या नकाशावर वाट दिसते, पुरेसं आहे ना?

ऑफलाइन नकाशा डाउनलोड करून ठेवा, पण डेल्टात नकाशा जुना होतो, वाळूचे पट्टे सरकतात, खाडी दुसरीकडून वाहायला लागते. सॅटेलाइट फोटो ओहोटीच्या वेळचा असेल तर पाण्याखाली जाणारी जागाही छान वाट वाटते. गेटवरचा बोर्ड आणि तिथला माणूस सांगेल ते फोनपेक्षा वरचं.

दरवर्षी थोडी थोडी वाट समुद्रात जातेय असं एका ठिकाणी वाचलं, का?

कारण वरून गाळ येत नाही. डेल्टा नेहमी आपल्याच वजनाने दबत असतो, नवा गाळ पडत राहिला तरच टिकतो. वर धरणं झाली की गाळ तिथेच बसतो. नाईलवर अस्वानचं मोठं धरण 1970 मधे पूर्ण झालं आणि डेल्टाचा किनारा खायला लागला, एब्रोचंही तेच दुखणं आहे. अमेरिकेत लुइझियानाने 1930 च्या दशकापासून सुमारे 5,000 चौरस किमी जमीन गमावली. त्याच राज्यात वॅक्स लेक डेल्टा मात्र 1973 च्या पुरानंतर पाण्यावर आला आणि वाढतोच आहे, कारण तिथे गाळ पोचतो. वाट वळवली, जुना बांध बंद केला म्हणून चिडण्याआधी हे लक्षात घ्या, बऱ्याचदा ते मुद्दाम पाणी आत घेत असतात म्हणजे गाळ बसेल.

सगळं बघून गेलो तरी उशीर झाला आणि पाणी वाढायला लागलं तर?

शॉर्टकट मारू नका. खाडी ओलांडून समोर दिसणाऱ्या गाडीकडे जायचा मोह होतो, तिथेच लोक बुडतात. बांध किंवा उंच पट्टी दिसत असेल तर तिकडे, लांब पडली तरी. तीही नसेल तर आसपासची सगळ्यात उंच जागा धरा, सगळे एकत्र राहा, लगेच इमर्जन्सीला फोन करून लोकेशन पाठवा, आणि मग फोनची बॅटरी वाचवा. अंधार पडत असेल तर टॉर्च तयार ठेवा, शिट्टी सॅकच्या पट्ट्यालाच बांधलेली असू द्या, सहा वेळा वाजवायची, एक मिनिट थांबायचं, परत सहा वेळा.